सुधारणेचा माग

गिट या साधनातली ‘रेंज-डिफ’ ही एकच आज्ञा या पुस्तिकेचा विषय आहे. कमिटांची एक मालिका लिहून झाली, कुणीतरी ती वाचून सूचना केल्या, त्या सूचनांनुसार मालिका पुन्हा लिहिली. आता जुन्या आणि नव्या मालिकेत नेमका काय फरक पडला, हे ही आज्ञा दाखवते. सांगायला एवढेच आहे. पण त्यामागचा प्रश्न जुना आणि मोठा आहे. आपले पहिले काम ज्याने बारकाईने वाचले, त्याच्या त्या वाचनाचे पुढे काय होते? सुधारलेले काम हाती देऊन त्याला सगळे पहिल्यापासून वाचायला लावायचे, की जे बदलले तेवढ्यावर बोट ठेवायचे? माझे मत इथेच स्पष्ट सांगतो. सुधारणा करणे हे निम्मे काम आहे. सुधारणेचा माग वाचणाऱ्याच्या हाती देणे हे उरलेले निम्मे.

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड, पूर्णा इथल्या ज्या मुलामुलींना गिटची तोंडओळख झाली आहे, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. कमिट करणे, ब्रँच काढणे, मर्ज करणे, पुश करणे एवढे त्यांना येते. पण बहुतेकांनी हे साधन एकट्याने वापरलेले असते. एकट्याच्या कामात जुनी आवृत्ती आपल्याच डोक्यात असते, म्हणून तुलनेची गरज भासत नाही. दुसरा माणूस वाचायला आला की आपली आठवण त्याच्या उपयोगाची नसते. चारजणांनी मिळून लिहिलेल्या प्रणालीत खरी कसोटी लागते ती इथेच, आणि शिकवताना हाच भाग बहुधा राहून जातो.

मालिका आणि तिच्या आवृत्त्या

लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले ते एप्रिल २००५ मध्ये. लिनक्स कर्नलच्या कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपर या खासगी साधनाची मोफत सवलत काढून घेतली गेली होती आणि जगभर पसरलेल्या शेकडो लेखकांचे काम थांबवून चालणार नव्हते. त्याच वर्षी जुलैमध्ये गिटच्या देखभालीची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे आली. गिट ज्या कार्यसंस्कृतीतून जन्मले, तिची एक शिस्त होती आणि आजही आहे. मोठा बदल एकगठ्ठा द्यायचा नाही. तो लहान लहान टप्प्यांत मांडायचा. प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे समजला पाहिजे, प्रत्येकासोबत ‘हे का केले’ याचे टिपण पाहिजे, आणि टप्प्यांचा क्रम वाचणाऱ्याला युक्तिवादासारखा पुढे नेणारा पाहिजे. या क्रमवार टप्प्यांना आपण कमिटमालिका म्हणू.

अशी मालिका पहिल्याच वाचनात मंजूर होणे विरळा. सूचना येतात. त्यांचे उत्तर म्हणून शेवटी ‘आधीच्या चुका दुरुस्त केल्या’ असे एक नवे कमिट चिकटवणे सोपे असते. चांगले संघ ते मान्य करत नाहीत, कारण पाच वर्षांनी तो इतिहास वाचणाऱ्याला आधी चूक आणि मग दुरुस्ती अशा दोन्ही वाटा चालाव्या लागतात. म्हणून लेखक रिबेस करून मूळ टप्पेच पुन्हा लिहितो आणि मालिकेची दुसरी आवृत्ती पुढे ठेवतो. मग तिसरी. अंतिम इतिहास स्वच्छ होतो. पण त्या स्वच्छतेची किंमत रिव्ह्यू करणाऱ्याला मोजावी लागते. त्याने वाचलेली मालिका त्याच्यासमोर उरत नाही. तिच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरी येते, आणि प्रत्येक कमिटची ओळख सांगणारा चाळीस आकडी संकेतांकही बदललेला असतो.

पुस्तिकेत सर्वत्र एकच उदाहरण वापरले आहे, त्याची ओळख इथे करून देतो. समजा, परभणी जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांचा रोजचा पाऊस वाचून शेतकऱ्यांना पेरणीचा सल्ला देणारी एक छोटी प्रणाली आपण लिहीत आहोत. १९७२ मध्ये परभणीत स्थापन झालेल्या आपल्या कृषी विद्यापीठाचा खरिपासाठीचा सल्ला सर्वांना पाठ आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. पहिल्या मालिकेत पाच कमिट आहेत. पावसाची रोजची नोंद वाचणे, तालुक्यांची यादी, पेरणीयोग्य पावसाचा नियम, सल्ल्याचा मराठी मजकूर, आणि शेवटी सगळ्या चाचण्या. लेखकाने नियमात ५० मिलिमीटरची मर्यादा घातली आहे.

वाचणाऱ्याने चार सूचना केल्या. मर्यादा ७५ करावी. तालुक्यांची नावे सगळीकडे एकाच रीतीने लिहावीत. ज्या दिवशीची नोंदच आली नाही तो दिवस कोरडा धरू नये, त्याची वेगळी दखल घ्यावी. आणि चाचण्या शेवटी एकत्र ठेवण्यापेक्षा ज्या त्या बदलासोबत ठेवाव्यात. लेखकाने हे सगळे केले आणि दुसरी मालिका दिली. तिच्यातही पाचच कमिट आहेत, पण ते आधीचे पाच नव्हेत.

आता वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहा. ५० चे ७५ झाले की नाही, हे त्याला खात्रीने कळले पाहिजे. हा आकडा शोभेचा नाही. मराठवाड्यात जूनच्या पहिल्या सरीवर विश्वासून पेरणी केली, मग पावसाने ओढ दिली आणि दुबार पेरणीची वेळ आली, म्हणजे काय होते हे इथल्या घराघराला ठाऊक आहे. बियाणे गेले, खत गेले, हंगामाचे दिवस गेले. अशा आकड्याची तपासणी ‘केला असेल बदल’ एवढ्या भरवशावर सोडता येत नाही.

साधा फरक का पुरत नाही

पहिला उपाय सुचतो तो असा, की दोन्ही मालिकांची शेवटची स्थिती घ्यावी आणि त्या दोहोंतला फरक काढावा. ५० चे ७५ झालेले त्यात दिसेलही. पण तीन गोष्टी निसटतात.

एक म्हणजे, मधल्या काळात मुख्य ब्रँच पुढे गेली असेल आणि लेखकाने आपली मालिका तिच्या नव्या टोकावर आणून ठेवली असेल, तर इतरांनी केलेले सगळे बदलही त्या फरकात मिसळतात. दुसरे, बदल कोणत्या टप्प्यात झाला ते कळत नाही. चाचण्या पाचव्या कमिटमधून तिसऱ्यात हलल्या, पण शेवटची स्थिती तीच राहिली, तर या तुलनेत त्या हालचालीची खूणही उमटत नाही. तिसरे, कमिटसोबतचे टिपण सुधारले असेल तर तेही दिसत नाही, कारण टिपण हा फायलींचा भाग नसतो.

पॅचयुटिल्स या संचातली ‘इंटरडिफ’ ही जुनी आज्ञा एका पॅचच्या, म्हणजे मजकुराच्या रूपात काढलेल्या एका बदलाच्या, दोन आवृत्त्या ताडून पाहते. एका जोडीसाठी ती उपयोगी आहे. पण मालिकेत मुळात जोडी कोणाची कोणाशी, हाच पहिला प्रश्न असतो. क्रम बदललेला असतो, एक टप्पा गळलेला असतो, एक नवा आलेला असतो. जोडी लावल्याशिवाय तुलना नाही. रेंज-डिफचे मर्म या वाक्यात आहे.

पोथ्यांचे जुळारी

हा प्रश्न संगणकाने जन्माला घातलेला नाही. आपल्या गोदाकाठाला त्याची फार जुनी ओळख आहे. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. त्यांचे अभंग नामदेवांच्या गाथेतून आणि पुढे छापील संतगाथांतून आपल्यापर्यंत आले. एका संग्रहाशेजारी दुसरा ठेवला की अभ्यासकाचे पहिले काम ठरलेले असते: इथला हा अभंग तिथे कितवा? कुठे क्रम वेगळा, कुठे चरण वेगळा, कुठे एखादा अभंग एकाच ठिकाणी. खुद्द नामदेवांच्या नावावर नंतरच्या काळातल्या विष्णुदास नामा यांची रचना मिसळली आहे, याची चर्चा अभ्यासक दीर्घकाळ करत आले आहेत. म्हणजे मजकुरासोबत कर्त्याची नोंदही ताडून पाहावी लागते.

गंगाखेडच्या वरच्या अंगाला, त्याच गोदावरीवर, पैठणला एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. तुकारामांच्या गाथेची १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघालेली इंदुप्रकाश प्रत अशाच निरनिराळ्या हस्तलिखितांच्या मेळातून तयार झाली. आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये सुरू करून १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे तर या विद्येचे शिखर. बाराशेहून अधिक हस्तलिखिते तिच्यासाठी ताडून पाहिली गेली.

विष्णु सीताराम सुकथनकर यांनी या कामाला शिस्त लावली. आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या फुलस्केप कागदावर एक श्लोक अक्षरशः सुटा करून वरच्या ओळीत लिहायचा. खाली प्रत्येक हस्तलिखिताला एक ओळ. जिथे पाठ वेगळा, तिथे त्या अक्षराच्या बरोबर खालच्या चौकोनात तो नोंदवायचा. संगणकाच्या पडद्यावर आज आपण ओळीखाली ओळ ठेवून जो फरक वाचतो, त्याची ही हाताने केलेली, विलक्षण चिकाटीची पद्धत होती. आणि त्या आवृत्तीची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. संपादकांनी जे श्लोक मूळ संहितेत घेतले नाहीत ते फेकून दिले नाहीत. तळटिपांत आणि परिशिष्टांत ते छापले. निर्णय चुकला असे पुढच्या पिढीला वाटले तर तिला तो तपासता यावा, म्हणून.

आपल्या कामात आणि त्या कामात एक मूलभूत अंतर आहे, तेही लक्षात घ्यावे. पोथ्यांचा अभ्यासक उलट्या दिशेने जातो. अनेक प्रतींतून मागे जात तो मूळ पाठाचा शोध घेतो आणि नंतर आलेले शब्द सहसा संशयाने पाहतो. कमिटमालिकेत दिशा पुढची असते. दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा बरी व्हावी म्हणूनच लिहिलेली असते, आणि दोन्ही एकाच लेखकाच्या हातच्या असतात. म्हणून आपल्याला मूळ पाठ शोधायचा नाही, तर झालेली सुधारणा तपासायची आहे. पण कामाचा क्रम दोघांचा एकच: आधी जोडी लावा, मग जोडीतला फरक वाचा.

जोडी कशी लागते

गिटमध्ये हे काम आधी थॉमस रास्ट यांनी पायथनमध्ये लिहिलेल्या ‘टीबीडिफ’ या स्वतंत्र साधनाने होत असे. योहानेस शिंडेलिन यांनी तीच कल्पना सी भाषेत लिहून गिटमध्ये आणली. आरंभी त्यांनी तिला ‘ब्रँच-डिफ’ असे नाव दिले होते. त्यांच्या या कामाची मालिकाही रिव्ह्यूतून जात आवृत्ती बदलत गेली आणि ‘रेंज-डिफ’ या नावाने सप्टेंबर २०१८ मध्ये गिटच्या २.१९ या आवृत्तीतून सर्वांच्या हाती आली. म्हणजे ज्या वाटेवर ही आज्ञा उपयोगी पडते, त्याच वाटेने ती स्वतः आली.

तिची पद्धत अशी. आधी प्रत्येक कमिटने केलेला बदल मजकुराच्या रूपात काढला जातो. जुन्या मालिकेतले पाच आणि नव्या मालिकेतले पाच, असे दहा. जे बदल हुबेहूब एकसारखे आहेत त्यांच्या जोड्या लगेच लागतात. उरलेल्यांत प्रत्येक जुना बदल प्रत्येक नव्या बदलाशी ताडून दोहोंत किती ओळींचे अंतर आहे ते मोजले जाते आणि या अंतरांचे एक कोष्टक तयार होते. मग प्रश्न उरतो तो एवढाच: अशा जोड्या लावा, की सगळ्या अंतरांची बेरीज कमीत कमी होईल.

यात एक खाच आहे, ती एका लहान उदाहरणाने स्पष्ट होईल. जुने दोन कमिट क आणि ख, नवे दोन ट आणि ठ. क-ट अंतर २, क-ठ अंतर ३, ख-ट अंतर ३, ख-ठ अंतर ४०. समोर दिसते ती सर्वांत जवळची जोडी आधी उचलली, तर क-ट जुळले. मग ख ला ठ शिवाय पर्याय नाही आणि बेरीज झाली ४२. त्याऐवजी क-ठ आणि ख-ट अशा जोड्या लावल्या तर बेरीज ६. म्हणजे एकेका जोडीपुरते पाहून भागत नाही, सगळ्या कोष्टकाचा एकत्र विचार करावा लागतो. गणितात या प्रश्नाला नियतन समस्या म्हणतात. हॅरल्ड कून यांनी १९५५ मध्ये तिच्या उकलीची ‘हंगेरियन’ म्हणून प्रसिद्ध असलेली पद्धत मांडली. गिट वापरते ती योंकर आणि फोल्गेनांट यांची १९८७ मधली पद्धत. तिला लागणारे श्रम कमिटांच्या संख्येच्या घनाप्रमाणे वाढतात, पण दहा-वीस कमिटांच्या मालिकेला ते जाणवतही नाहीत.

आणि ज्याला जोडीदारच नाही त्याचे काय? प्रत्येक कमिटला ‘एकटे राहण्याची’ही एक किंमत लावलेली असते, आणि ती त्याच्या आकाराच्या टक्केवारीत ठरते. न सांगितल्यास हे प्रमाण ६० असते. जोडी लावण्याची किंमत याहून जड झाली, तर यंत्र जुने कमिट गळले आणि नवे कमिट आले असे मानते. हे प्रमाण ‘क्रिएशन-फॅक्टर’ या पर्यायाने बदलता येते. खूप सुधारलेले कमिट यंत्राला अनोळखी वाटत असेल तर प्रमाण वाढवावे. नाते नसलेल्या दोघांना यंत्र बळेच एकत्र बांधत असेल तर कमी करावे.

निकाल कसा वाचावा

आपल्या उदाहरणातल्या दोन मालिकांना ही आज्ञा लावली, तर वरच्या ओळींचा सारांश असा दिसेल. संकेतांक इथे गाळले आहेत.

१ = १ पावसाची रोजची नोंद वाचणे
२ ! २ तालुक्यांची यादी
३ ! ३ पेरणीयोग्य पावसाचा नियम
- > ४ नोंद नसलेल्या दिवसांची दखल
४ ! ५ सल्ल्याचा मराठी मजकूर
५ < - चाचण्या

डावीकडे जुना क्रमांक, मग खूण, मग नवा क्रमांक. बरोबरचे चिन्ह म्हणजे बदल तसाच आहे. उद्गारचिन्ह म्हणजे जोडी लागली, पण आत फरक आहे. उजवीकडे उघडलेले चिन्ह म्हणजे जुन्या मालिकेपुरते राहिलेले, आणि त्याच्या उलट ते नव्याने आलेले. या सहा ओळींत वाचणाऱ्याच्या चारही सूचनांची वाट दिसते. पहिले कमिट पुन्हा वाचायची गरज नाही. चाचण्यांचे कमिट गळले, पण तिसऱ्यावर उद्गारचिन्ह आहे. तिथे जाऊन चाचण्या खरोखर नियमासोबत आल्या का, आणि ५० चे ७५ झाले का, ते पाहायचे.

उद्गारचिन्हाखाली तपशील असतो आणि नवशिके अडतात ते तिथे. कारण हा फरकातला फरक असतो. प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन खुणा येऊ शकतात. बाहेरची खूण दोन आवृत्त्यांमधली: ही ओळ जुन्या मालिकेतली की नव्या. आतली खूण त्या कमिटमधली: ते कमिट ही ओळ फायलीत घालते की काढते. बाहेर उणे आणि आत अधिक, म्हणजे ‘ही ओळ घालायची असे जुन्या आवृत्तीने ठरवले होते, नव्या आवृत्तीने तो विचार सोडला’. आपली ५० ची ओळ अशी दिसेल, आणि तिच्या खाली ७५ ची ओळ दोन अधिक चिन्हांसह. रंगीत पडद्यावर बाहेरच्या खुणेची पार्श्वभूमी लाल किंवा हिरवी असते, फक्त जुन्या मालिकेतल्या ओळी मंद आणि फक्त नव्यातल्या ठळक असतात. पुस्तिकेचा तिसरा भाग संपूर्णपणे या वाचनाच्या सरावाला दिला आहे. तो घाईने उलटू नये. कमिटच्या टिपणातला आणि लेखकाच्या नावातला बदलही याच तपशिलात येतो. साध्या तुलनेतून निसटणारी ती गोष्ट इथे हाती लागते.

मराठी मजकुराचे प्रश्न

इंग्रजीतल्या मार्गदर्शनात सहसा न सापडणारा एक भाग या पुस्तिकेत आहे आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या प्रणालींत मराठी मजकूर असतो, आणि देवनागरीचे स्वतःचे प्रश्न असतात.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्या’ संगणकात दोन रीतींनी साठवता येतो. एक रीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त यांची. दुसरी साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह अशी. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. युनिकोडची प्रमाणीकरणाची नेहमीची प्रक्रियाही त्यांना एक करत नाही. एका लेखकाचा कळफलक पहिली रीत वापरतो, दुसऱ्याचा दुसरी. मग सल्ल्याच्या मजकुराचे कमिट कुणी नुसते उघडून पुन्हा टंकले तरी रेंज-डिफ उद्गारचिन्ह दाखवते, आणि खाली एक उणे ओळ व एक अधिक ओळ हुबेहूब एकसारखी दिसते. वाचणारा गोंधळतो. यंत्र चुकलेले नसते. शब्दाचा शोध घेणाऱ्या प्रणालीला हे दोन वेगळे शब्दच असतात, आणि उद्या ‘शेतकऱ्यांना’ शोधणाऱ्याला निम्मेच निकाल मिळतील. अशा वेळी तो फरक किरकोळ म्हणून सोडू नये. एक रीत ठरवून ती सगळीकडे पाळावी.

आणखी दोन गोष्टी. फायलींची नावे देवनागरीत असली की गिट ती मूळ अवस्थेत उलट्या तिरप्या रेघा आणि आकड्यांच्या रूपात दाखवते. ‘कोटपाथ’ ही मांडणी बंद केली की नावे नीट वाचता येतात. आणि गिटची तुलना ओळीच्या हिशेबाने चालते. सबंध परिच्छेद एका ओळीत लिहिला असेल, तर एका काना-मात्रेच्या दुरुस्तीने सगळा परिच्छेद बदललेला दिसतो. म्हणून मजकुराच्या फायलीत एका ओळीत एक वाक्य लिहावे. सल्ल्याचे ‘७५ मिलिमीटर’ एका वाक्यात, एका ओळीत असेल, तर त्यातला बदल लपायला जागा उरत नाही.

मर्यादा

साधनावरचा विश्वास डोळस असावा, म्हणून त्याच्या मर्यादाही इथेच नोंदवतो. बरोबरचे चिन्ह म्हणजे बदलाचा मजकूर तोच आहे, एवढेच. तो बदल ज्या पायावर उभा आहे तो पाया बदलला असेल, तर तोच मजकूर चुकीचा ठरू शकतो. पावसाची नोंद वाचणारे पहिले कमिट जसेच्या तसे आहे, पण मुख्य ब्रँचवर कुणी नोंदींचे एकक मिलिमीटरऐवजी सेंटिमीटर केले असेल, तर बरोबरच्या चिन्हाने आपले रक्षण होत नाही. चाचण्या पुन्हा चालवाव्याच लागतात.

जोडी नेहमी एकास एक लागते. जुन्या एका कमिटचे नव्या मालिकेत दोन तुकडे केले, तर त्यातल्या एकाशी जोडी लागेल आणि दुसरा नवखा दिसेल. आपल्या उदाहरणातल्या चाचण्या जशा विखुरल्या, तसे विखुरणे यंत्राला गळती वाटते. मोठा अर्थ लावणे वाचणाऱ्याकडेच राहते. शिवाय या आज्ञेच्या निकालाची मांडणी माणसाने वाचण्यासाठी आहे, ती गिटच्या पुढच्या आवृत्त्यांत बदलू शकते, असे तिच्या दस्तऐवजातच लिहिले आहे. तिच्यावर दुसरे यंत्र बेतू नये.

आणि तुलना करायला जुनी आवृत्ती हाताशी असली पाहिजे. रिबेस झाल्यावर जुने कमिट ब्रँचवरून दिसेनासे होतात. रिफ्लॉगमध्ये, म्हणजे ब्रँचचे टोक कुठून कुठे हलले याच्या गिटच्या नोंदवहीत, त्यांची नोंद काही काळ राहते, पण टोकापासून पोहोचता न येणाऱ्या नोंदींची मुदत, वेगळे काही सांगितले नसेल तर, ३० दिवसांची असते. म्हणून पुन्हा लिहायला बसण्याआधी जुन्या टोकाला एक टॅग, म्हणजे नावाची खूण, लावावा. हे काम एका ओळीचे आहे. भांडारकर संस्थेच्या संपादकांनी नाकारलेले श्लोकही परिशिष्टात जपले. आपल्याला तर एक टॅगच जपायचा आहे.

पुस्तिका कशी वापरावी

पुस्तिकेचे चार भाग आहेत. पहिल्यात मालिका लिहिण्याची आणि पुन्हा लिहिण्याची रीत, दुसऱ्यात जोडी लावण्याचे गणित, तिसऱ्यात निकालाचे वाचन, आणि चौथ्यात मराठी मजकुराचे प्रश्न व त्यांवरचे उपाय. आज्ञा पडद्यावर रोमन अक्षरांतच द्याव्या लागतात, तरी इथे त्या देवनागरीत समजावून सांगितल्या आहेत, कारण समजणे आणि टंकणे या वेगळ्या पायऱ्या आहेत. ज्यांना गणितात रस नाही त्यांनी दुसरा भाग नंतर वाचला तरी चालेल. तिसरा मात्र कुणीही टाळू नये, आणि तो वाचताना संगणक समोर हवा.

जे शिक्षक ही पुस्तिका वर्गात वापरतील त्यांना एक विनंती आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला गुण देताना अंतिम काम तर तुम्ही पाहताच, त्यासोबत पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीतला रेंज-डिफही मागा. विद्यार्थ्याने सूचना कशी ऐकली, कुठली मानली, कुठली कारण देऊन नाकारली, हे त्यातून दिसते. एखादा मुलगा किंवा मुलगी घडत आहे की नाही, हे अंतिम कामापेक्षा या मागावरून अधिक कळते.

विद्यार्थ्यांना सांगायचे ते याहून थोडके आहे. तुमच्या मालिकेची दुसरी आवृत्ती देताना मालिका पाठवण्यासाठी तयार करणाऱ्या ‘फॉरमॅट-पॅच’ या आज्ञेला जुने टोक सांगा, म्हणजे तुलना सोबतच्या पत्रात आपोआप येईल. त्या तुलनेवर दोन-तीन वाक्ये स्वतःच्या शब्दांत लिहा: कोणती सूचना कुठे पाळली, कोणती पाळली नाही आणि का. वाचणाऱ्याने तुमच्या कामाला दिलेला वेळ त्याच्या आयुष्यातला असतो आणि तो दुसऱ्यांदा मागताना कमीत कमी मागावा. तुम्ही लिहिलेल्या प्रणालीवर उद्या पालमचा किंवा सोनपेठचा एखादा शेतकरी पेरणीचा निर्णय सोपवणार असेल, तर तिच्यातला प्रत्येक आकडा कुणी, कधी आणि का बदलला हे विचारण्याचा त्यालाही हक्क आहे. त्या प्रश्नाला उत्तर देता येईल असेच काम करा.

परभणी